रामहरी पेंटरची बायको

इंदापुरात दुकानांच्या पाट्या रंगवणारा रामहरी पेंटर तिथल्या एका साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रं काढायचा. दर चित्रात बायको एकच. ढोली, कजाग, हातात लाटणं. त्याची खरी बायको मुक्ताबाई अंगानं काडी, आणि नवऱ्यापुढं चकार शब्द न काढणारी. पण लोकांना त्याचं काय! बाजारात दिसली की हसत विचारायचे, "वहिनी, लाटणं घरीच ठेवलं व्हय?" बिचारीला वाचता येत नव्हतं. चित्रात आपल्या तोंडी काय घातलंय, हे तिला कधी कळलं नाही आणि विचारायची छातीही झाली नाही.

घरात रामहरी अबोल. पेपर उघडायचा, जेवायचं, झोपायचं. यानं एकदा समोर बसवून दोन शब्द बोलावेत, एवढीच तिची हौस. ती राहिलीच. तो गेल्यावर "साधा माणूस, त्यास्नी कळायचंच न्हाय" अशी तिनं स्वतःची समजूत घातली. त्या समजुतीवर म्हातारपण बरं चाललं होतं.

यंदा नात राजनंदिनीनं बारामतीच्या कॉलेजात जुन्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवलं. पूर्वी बायकांवर कसे विनोद व्हायचे, हा विषय. त्यात आजोबांची कात्रणंही लावली. मुक्ताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून इंदापुराहून एसटीनं आली. नवऱ्याच्या हातची रेघ बघायला जीव आसुसला होता.

"आजी, राग मानू नको हां," नात म्हणाली. "आबांनी तुझी लई टिंगल केलीय."

"करू दे गं. त्यांचंच हाय समदं."

एका चित्रापाशी ती थबकली. नवरा-बायको समोरासमोर जेवायला बसलेत. नवऱ्याचं तोंड पेपरामागं, बायको जबडा वासून ओरडतीय. वर मथळा, 'बिचारा नवरा'.

"काय म्हनतीया मी?"

राजनंदिनीनं वाचून दाखवलं, "अहो, तो पेपर ठेवा आणि घटकाभर माझ्याशी बोला!"

शेजारच्या पोरी फिदीफिदी हसल्या. त्या काळी अख्खं इंदापूर हसलं असेल. मुक्ताबाईला हसू आलं नाही. हे वाक्य तिनं कधी उच्चारलंच नव्हतं. मनात मात्र रोज म्हणायची, त्याच्या ताटात भाकरी वाढताना.

तिचे डोळे भरून आले.

"काढून टाकू का हे चित्र?" नातीनं घाबरून विचारलं.

"ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. मग पुढं सरकली आणि चित्रातल्या त्या नवऱ्याला हळूच म्हणाली, "म्हंजी ठावं हुतं की ओ तुमास्नी."