दम धरायला शिकलेली लाल सूचना

मित्रांनो, मी एक लाल सूचना आहे. सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावरच्या जुन्या संगणकात माझा मुक्काम असतो. कुणी चुकीचं टाइप केलं, की टिंग करून पडद्यावर उडी मारायची, हे माझं काम. चपळाईत माझा हात कुणी धरू शकत नव्हतं! मला बंद केल्याशिवाय पुढचं अक्षरसुद्धा उमटत नसे.

यंदा कापसाच्या हंगामात काट्यावर रेणुका नावाची नवी मुलगी लागली. आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले गाडीचा नंबर शेवटाकडून सांगतात. "एकवीस तेरा! परभणीचीच हाय!" रेणुका ऐकेल तसे शेवटचे आकडे आधी लिही आणि मग सुरुवातीला जाऊन 'एमएच बावीस' वगैरे बाकीचं भरी. पण तिचं बोट वळायच्या आत मी टिंग! 'गाडी क्रमांक चुकीचा!' ती दचके, मला बंद करी, पुन्हा लिही. पुन्हा टिंग! बाहेर रांग पार फाटकाला टेकली.

व्यवस्थापक भुजंगराव वैतागले. "पोरी, आज रांग न्हाई हलली, तर उद्या दुसरं माणूस बघावं लागंल."

रेणुकाचे डोळे भरून आले. नोकरी जाते की काय! नशीब, संगणक तपासायला परभणीहून मंजुषाताई आल्या होत्या. मला घडवलं ते त्यांनीच.

"ताई, मी लिव्हायलेय तवरच हे बोंबलायलंय," रेणुका म्हणाली. "माझं मला दुरुस्त तर करू द्या!"

"खरंय," ताई हसल्या. "हिला जरा दम धरायला शिकवते."

ताईंनी मला नवा नियम घालून दिला: बोटं चालू असेपर्यंत मी गप्प राहायचं. ती थांबली की क्षणभर वाट बघायची. तेवढ्यात चूक सुधारली, तर आल्या पावली परत. मी जाम रुसले. उडी मारायची नाही, मग माझा उपयोग काय?

पण काय सांगू मित्रांनो, काय मजा आली! "सदुसष्ट चाळीस!" बाहेरून आवाज आला. आकडे उमटले, बोटं थांबली. मी अगदी पडद्याच्या दारापर्यंत आले, तोच तिचं बोट सुरुवातीला गेलं आणि नंबर पूर्ण! मी हसत माघारी! ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर निघाले. रांग भराभर हलली.

शेवटी कापूस घेऊन आलेल्या कस्तुराबाईंचा ट्रॅक्टर आला. घाईत रेणुकाकडून वजनातला एक आकडा सुटला. बोटं थांबली. मी वाट बघितली. ती परत वळेना, हात पावती छापायच्या बटणाकडे निघाला. आता मात्र माझी पाळी! टिंग! 'वजन फार कमी आहे, तपासा.'

"अगं बाई! आख्ख्या ट्रॅक्टरचं वजन एवढंच?" रेणुकानं चटकन आकडा भरला. "आता कशी येळेवर बोललीस!"

खिडकीतून कस्तुराबाई म्हणाल्या, "लय ध्यान देऊन करती पोरगी."

भुजंगरावांनी मोकळं फाटक बघितलं. "पोरी, उद्या येळेवर ये."

मित्रांनो, कुणी लिहीत असेल, बोलत असेल, तर त्याला अर्ध्यावर टोकू नका. क्षणभर थांबा. आपली चूक आपणच सुधारली, की माणूस कसा खुलतो! मी ते पडद्याआडून रोज बघते, आणि न बोलता परत जाते.