भंडाऱ्याची मूठ

दुपारची जेवणं उरकली की धाकट्या जावेच्या खोलीचं दार लागायचं, आणि इकडं सत्यशीलेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दाराआड सुकेशनी एकटी असती तर गोष्ट वेगळी. पण तिच्यासंगं सासूबाई आत जाऊन बसायच्या. उभ्या जन्मात थोरल्या सुनेला विचारल्याशिवाय बानाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला नव्हता, आणि आता कालच्या पोरीबरोबर दार लावून कॉम्प्युटर बघते. काय बघते, तर सुकेशनीच्या लग्नाची सीडी! लग्न तिचं, कॉम्प्युटर तिच्या गारखेड्याच्या माहेरचा, आणि आतून हसणं ऐकू येतं ते आपल्या सासूचं. मग जळू नये तर काय करावं माणसानं?

सीडी नवी आली तेव्हा सत्यशीलेनं ती बघितलीच नव्हती. आपल्या लग्नाला साधा फोटोवाला नव्हता, हिच्या लग्नाची मात्र फिल्म, म्हणून तिनं तोंड फिरवलं होतं. आता कुणी बोलावलं तरी ती जाणार नव्हती. पण कुणी बोलावतही नव्हतं, आणि राग त्याचाच होता.

लग्न झालं त्याच साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा दगा देऊन गेला. शेंद्र्याजवळच्या गावातली विहीर आटली, चारा मिळेना, तेव्हा मेंढरं विकून दोघं भाऊ कंपनीत लागले आणि बिऱ्हाड शहरात मुकुंदवाडीत आलं. मेंढरं टेम्पोत चढवली त्या दिवशी सत्यशीला पार हमरस्त्यापर्यंत मागं धावली होती. नंतर कितीतरी दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. पण तेही तिनं गिळलं, कारण सासू तिची होती. मेंढी मेली की तिचं कोकरू बानाबाईनं सुनेच्या ओटीत टाकायचं आणि सुनेनं ते बाटलीनं जगवायचं, अशी दोघींची वर्षं गेलेली. लाडकी काळगी तशीच जगलेली. सुकेशनीला मेंढीची लेंडी तरी ओळखू येते का?

एकदा टँकरचं पाणी आलं म्हणून सांगायला ती दार ढकलून आत गेली. सुकेशनीनं घाईघाईनं चित्र बंद केलं. सासू छताकडं बघायला लागली. सत्यशीलेनं हंडा उचलला आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं विसरली.

चंपाषष्ठीला घरात तळी भरली. खंडोबाचं घर, तेव्हा ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यावर भंडारा पडलाच पाहिजे. गावाकडं तो मेंढरांच्या पाठीवर उधळायचे. आता मेंढरं कुठली? बानाबाईनं सांगितलं, मोटरसायकलीवर टाक, मिक्सरवर टाक, सुकेशनी लग्नपत्रिका बनवून देते त्या कॉम्प्युटरवर पण टाक. मान थोरल्या सुनेचा. सत्यशीला आत गेली तर सीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर आलेला, त्यात ती सीडी ठेवलेली, आणि सुकेशनी प्रसाद घ्यायला बाहेर गेलेली. भंडारा गावच्या देवळाच्या पायरीवरून भरून आणलेला, हाताला कचकच लागत होती. चिमूट टाकायची तिथं सत्यशीलेनं अख्खी मूठ रिकामी केली. देवा मल्हारी, हे खूळ बंद पाड, असं म्हणून तिनं बोटानं ट्रे आत लोटला.

देवानं ऐकलं. दुपारी ड्राइव्ह घरघरली, आत खटखट झालं आणि गप्प झाली. सुकेशनीनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, सीडी पुसून लावली, गाण्यांची दुसरी लावून बघितली, मागची वायर काढून घट्ट बसवली. ट्रे येई-जाई, हिरवा दिवा लुकलुके, पण पडद्यावर एकच, सीडी घाला. घातलेलीच आहे की!

सत्यशीलेला मनातून उकळ्या फुटत होत्या. सासू पुन्हा तिच्याजवळ येऊन ज्वारी निवडायला बसली. पण आली ती नुसती देहानं. जरा वेळ गेला की विचारायची, झाली का गं दुरुस्त? जवळ बसून मन तिकडंच, म्हणजे सत्यशीलेला सासू मिळूनही मिळाली नाही.

शेवटी धाकट्या दिरानं स्टेशनाजवळच्या दुकानातून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बन्सीला आणलं. त्यानं स्क्रू काढून ड्राइव्ह उघडली. आत सगळं पिवळंधमक.

"भाभी, इसमें दाल पकाए क्या?" तो म्हणाला.

सुकेशनीनं थोरल्या जावेकडं एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. बानाबाईनं मात्र बोटावर पिवळी पूड घेऊन कपाळाला लावली. देवाचा भंडारा, कुणाला बोल लावायचा नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं. बन्सीनं कापसाच्या बोळ्यानं लेन्स पुसली, ड्राइव्ह जोडली. सीडीच्या कडेला भंडाऱ्यातल्या कचीनं गोल ओरखडे पडलेत, शेवटचा भाग लागेलच असं नाही, एवढं सांगून तो गेला.

सीडी लागली. हळद, अक्षता, नवरा-नवरी, सगळं लख्ख. सत्यशीला दारात उभी होती, तिला कुणी जा म्हटलं नाही.

बानाबाईनं शेवटचं लावायला सांगितलं. सुकेशनीनं पुढं नेलं, आणि पडद्यावर चौकटी चौकटी होऊन चित्र थिजलं. कोपऱ्यात थोडी धूळ, थोडी लोकर. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच थिजलं. फोटोवाल्यानं सीडी एकच दिली होती. बानाबाईनं कपाळावर हात मारला.

सत्यशीलेनं विचारलं, एवढं काय होतं शेवटाला?

"मेंढरं व्हती गं आपली," सासू म्हणाली. "वरात गावात आली तवा फोटोवाल्यानं समदी घेतली व्हती. तुझ्या ओटीतली कोकरं बी. तू पुन्हा अन्नपाणी सोडशील म्हणून म्याच हिला दार लावाय सांगितलं."

सत्यशीला दारातून आत आली आणि थिजलेल्या चित्रासमोर बसली. मग तिनं जावेला विचारलं, "काळगी दिसायची का त्यात?"

"दिसायची की, अक्का. तुमच्याच मागं मागं फिरायची."

सत्यशीलेनं सुकेशनीच्या डोळ्यांकडं बघितलं. कॉम्प्युटरसाठी, सासूसाठी तिनं ह्या पोरीचा किती हेवा केला होता. पण आत्ता पोटात पेटलं तसं कधीच पेटलं नव्हतं. ह्या पोरीनं ती मेंढरं रोज दुपारी बघितली होती.