उलटा घातलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या ब्रिजिद गिल्डी या बाईंनी मला शिवले. बाहेरून मी दगडासारखा करडा. अस्तराला कापड नव्हते, म्हणून त्यांनी पिठाच्या पोत्यांचे पांढरे कापड लावले. त्यांचा मुलगा मॅनस मला घालून म्हणाला, "आई, पावसात भिजलो तर माझा पाव होईल गं!"

पुढे दुसऱ्या महायुद्धात मॅनस ब्रिटिश फौजेत लेफ्टनंट झाला. त्याची तुकडी शत्रूच्या मुलखात गुपचूप घुसून पूल उडवायची. तिथे कपड्यांवरून कुणी कुणाला बोलत नसे, म्हणून मीही त्याच्या अंगावर गेलो. दगडधोंड्यांत मी बेमालूम मिसळे. मला त्याचा भारी गर्व होता.

इटलीच्या डोंगरात एक पूल उडवून आम्ही परत निघालो आणि सकाळी दाट धुके उतरले. चालून चालून पुन्हा त्याच पडक्या देवळापाशी! सार्जंट हॅलम हा लंडनचा माणूस. तो वैतागला, "साहेब, आता या देवळातच संसार थाटू या का?"

पोरांचा धीर सुटत चालला होता. मॅनसने मला काढले आणि उलटा करून घातले.

"आमच्याकडे चकवा लागला की असंच करतात. आईनं शिकवलंय."

"आणि चकवा काय, हसून वाट सोडतो?" हॅलमने विचारले.

सगळे खो खो हसले. हसता हसता त्यांची भीती गेली. धुक्यात करड्या दगडांपुढे माझे पांढरे अस्तर उठून दिसत होते, त्याच्या मागोमाग ते बिनचूक उतरले. खाली ओढा लागला. पलीकडे आपली माणसे होती.

हॅलम हळूच म्हणाला, "साहेब, कोट सुलटा करा आता. पांढरं लांबून दिसतं."

"ओढा ओलांडल्याशिवाय चकवा सुटत नाही रे. तुम्ही व्हा पुढे."

काठावर उभा राहून त्याने एकेकाला पलीकडे धाडले. तेवढ्यात धुके फाटले. मला करडे व्हायचे होते हो, पण कोटाला स्वतःहून कुठे उलटता येते? एकच गोळी आली. मॅनस तेवीस वर्षांचा होता.

युद्ध संपल्यावर हॅलमने मला ब्रिजिदबाईंकडे आणले. मला मांडीवर घेऊन त्यांनी विचारले, "उलटा घातला होता का त्यानं?"

हॅलमने मान खाली घातली. "नाही काकू. सुलटाच होता."

मी मनात म्हणालो, बरे झाले. पण आईपासून काय लपते? अस्तरावर त्या डोंगराची कुसळे अडकली होती. त्यांची बोटे तिथे थांबली. चुलीवरची किटली उतू गेली, तरी त्या उठल्या नाहीत.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचा कपडा घाईने धुऊ नका. त्याला आधी थोडे मांडीवर घ्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "आणि बाकीची पोरं?"

"सगळी घरी पोचली, काकू."

"मग खोटं कशाला बोलतोस, बाळा?" त्या म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा ओतायला उठल्या.