अपवृत्त शर्करेची साक्ष

मी अपवृत्त शर्करा बोलतेय. नाव ऐकून पान उलटू नका. कॉलेजातली मुलंही तेच करतात. मी आहे नुसता एक शब्द, रसायनशास्त्राच्या जाड पुस्तकात राहणारा. इंग्रजीत मला इन्व्हर्ट शुगर म्हणतात.

साखरेच्या पाण्यातून खास प्रकारचा प्रकाश सोडला, की तो उजवीकडे वळतो. तेच पाणी आंबट घालून उकळलं, की साखरेचे दोन तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि प्रकाश चक्क डावीकडे वळू लागतो. ही उलटापालट पाहून पंडितांनी त्या मिश्रणाला माझं नाव ठेवलं. गंमत म्हणजे हे मिश्रण मूळ साखरेहून गोड. वाटणी झाल्यावर गोडी वाढलेलं घर आमच्या इंदापूर तालुक्यात तरी मी पाहिलेलं नाही.

तरी मी बदनामच. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळत राहिला, की त्यातली साखर अशीच तुटून कमी होते आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या नावानं बोटं मोडतात. गुऱ्हाळावर गूळ घट्ट बसला नाही, तरी खापर माझ्याच डोक्यावर. आणि परीक्षेत माझी किंमत दोन मार्क.

कळस गावची स्वरूपा बारामतीच्या कॉलेजात शिकते. तिनंही मला एसटीत बसून असंच घोकलं होतं. पेपर झाला आणि ती मला विसरली. मला राग आला नाही, सवय आहे.

तिचे आजोबा दत्तोबा गुऱ्हाळ चालवतात. त्यांची काकवी, म्हणजे उसाचा आटवलेला दाट रस, आसपासच्या गावांत नावाजलेली. पिंपळीला त्यांच्या लेकीच्या सासरी बारसं होतं, तेव्हा महिन्याभरापूर्वी धाडलेली बाटली पंगतीत निघाली. तळाला बोटभर साखर बसलेली. व्याही रामहरी हे गमतीखोर गृहस्थ. त्यांनी बाटली उंच धरली आणि भर पंगतीत विचारलं, "पाव्हणं, काकवीत साखर मिसळाया लागला जणू?"

सगळे हसले. दत्तोबा ताटावरून उठले. घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, की यंदा गुऱ्हाळाचं चुलवाण पेटणार नाही. जन्मभर खरेपणानं केलेला धंदा एका वाक्यात खोटा ठरला होता. माणसं अशीच, स्तुती कानात सांगतात आणि शंका पंगतीत काढतात.

त्या दिवशी स्वरूपाला मी आठवले. व्याख्येखालची ओळ तिनं पुन्हा वाचली: माझं मिश्रण असलं, की साखरेचे खडे सहजी बनत नाहीत. म्हणजे तळाची साखर उसाचीच होती, आणि काकवीत मी कमी पडले होते! तिनं आजोबांना हे समजावलं. ते म्हणाले, "पुस्तकातलं त्येंना सांगून काय उपेग? त्येंच्या डोळ्यादेखत व्हाया पायजे."

मग पोरीनं थेट रामहरींनाच फोन लावला. म्हणाली, तात्या, काकवी करून बघू, पण ऊस तुमच्या रानातला आणा. रामहरी आले, ट्रॉलीभर ऊस घेऊन. दत्तोबांनी त्या एका दिवसापुरतं चुलवाण पेटवू दिलं. रस उकळायच्या काहिलीशेजारी खुर्ची टाकून हवालदारासारखे बसले. चहालासुद्धा उठले नाहीत. पहिली काकवी साधी काढली. दुसरीच्या उकळत्या रसात स्वरूपानं लिंबं पिळली. दोन्ही बाटल्या रामहरींनी स्वतः भरल्या आणि घरी नेल्या.

महिना मला फार मोठा गेला.  साध्या बाटलीत साखर बसली नसती, किंवा लिंबाच्या बाटलीत माझा अर्थ टिकला नसता, तर दत्तोबांची मान कायमची खाली गेली असती.

एका रविवारी गुऱ्हाळासमोर जीप थांबली. बारशाला हसलेले चार पाहुणे रामहरींनी मुद्दाम बरोबर आणले होते. त्यांनी दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या. साधीच्या तळाला साखर होती, लिंबाची आरपार स्वच्छ होती.

रामहरी म्हणाले, "ही माझ्याच रानातली साखर हाय. पाव्हणं, तुमी खरं हुता. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच मागं घेतो."

 दत्तोबांनी टोपी काढून डोळे पुसले आणि गड्याला चुलवाण पेटवायला सांगितलं. मला इतका आनंद झाला, की पुस्तकात बसवेना. मग त्यांनी नातीला विचारलं, काय गं त्या शब्दाचं नाव? तिनं सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, जमेना.

"न्हाय ध्यानात ऱ्हायचं," ते हसून म्हणाले. "पर माझ्या बाजूनं बोलला, त्येवढं इसरणार न्हाय."

आता मी पुन्हा पुस्तकात आहे. पुढच्या वर्षीची मुलं मला घोकतील आणि विसरतील. घोकोत बापडे, विसरोत. एकच मागणं आहे. कुणी खरा माणूस खोटा ठरू लागला, तर माझ्यासारखा एखादा जड शब्द उचला आणि त्याच्या शेजारी नेऊन उभा करा.