काटा चढवणारे स्वामी आणि वहिनींचं सांबार

“चढला! चढला! काटा चढला!”

रविवारी सकाळी हेब्बाळच्या मैदानात तीन-चारशे माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. काटा होता एका जुन्या गाडीतला, पेट्रोल दाखवणारा. मघाशी लाल रेघेखाली मान टाकून पडला होता. टाकीत थेंबसुद्धा न घालता आता तो हळूहळू उठून बसला. सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दिसत होतं, कारण स्वामींच्या माणसांनी गाडीच्या आत मोबाइल चिकटवून थेट प्रक्षेपण लावलं होतं. चमत्कार जुन्या पद्धतीचा, व्यवस्था एकदम आयटीवाली.

गाडी तनयची. हा पुण्याचा पोरगा, इथे टेक पार्कात नोकरीला. दोन मालकांनी पिळून काढलेली गाडी त्यानं घेतली, आणि ती पेट्रोल अशी प्यायची की पंपावरची माणसं त्याला नावानं ओळखायला लागली होती.

“तनय, क्वार्टर टँक! आय ॲम गेटिंग गूजबम्प्स!” त्याची बायको स्मिता रडायच्या बेतात.

“चूप, व्हिडिओ काढ,” तनय म्हणाला.

गाडीसमोर मायलेजानंद महास्वामी उभे. भगवी कफनी, छातीवर रुळणारी दाढी, गळ्यात स्पार्क प्लगांची माळ. हातातलं लिंबू बॉनेटवरून ओवाळत त्यांचं चालू होतं, “ॐ टाक्यै नमः! ॐ टायराय नमः! भक्तांनो, गाडी पेट्रोल पीत नाही. गाडीत बसलेला शनी पितो! पहिल्या मालकाचं पाप, दुसऱ्या मालकाचा शाप, आणि तिसऱ्याच्या डोक्याला ताप!”

“सरी स्वामी, बरोबर!” लोक गहिवरले.

मी बाळ. पन्नाशी उलटली तरी बाळच. चामराजपेटेत मला बाळण्णा म्हणतात. नाटकाचं सामान भाड्यानं देतो. मुकुट, गदा, दाढ्या. रिकाम्या वेळात लोकांच्या खुर्चीत पाद वाजवणारी पिशवी ठेवतो. त्यामुळे घरात माझी पत अशी, की मी “आग लागली” म्हणालो तर लोक आधी माझे खिसे तपासतील.

मला तिथे ओढून आणलं होतं शारदावहिनींनी. दादा गेल्यावर लोकांनी वहिनींना बसून राहायला सांगितलं. बसायला सांगितलं की वहिनींचं अंग दुखतं. त्यांनी दादाची जुनी व्हॅन बाहेर काढली, चालवायला शिकल्या, आणि चामराजपेटेतल्या स्वयंपाकघरातून हेब्बाळच्या ऑफिसांत मराठी पोरांना डबे पोचवायला लागल्या. आता व्हॅन म्हातारी झाली होती. डब्यांवर जे सुटायचं ते सगळं टाकीत जायचं. लेक भार्गवी हुबळीहून रोज फोन करायची, “आई, दसऱ्यापासून बंद कर ते. इकडे ये, निवांत टीव्ही बघ.”

“टीव्ही!” वहिनी मला म्हणाल्या होत्या, शिक्षा ऐकवावी तशा आवाजात. “भाऊजी, व्हॅन सुधारली नाही तर मला जावं लागेल हो.”

म्हणून ही शेवटची आशा.

मैदानाच्या मध्यभागी केळीचे खुंट बांधलेला एक लाकडी उतार होता. त्याचं नाव स्वर्गपथ. गाडी त्यावर चढवून उभी करायची, मग मंत्र. फाटकावर मंजुनाथ नावाचा चेला प्रत्येकाला विचारायचा, “गाडीचं गोत्र?” गोत्र म्हणजे मॉडेल आणि साल. मग डोळे मिटून तो सांगायचा, “पूर्वमुखी,” की गाडी सरळ चढवायची. “पश्चिममुखी,” की रिव्हर्समध्ये. आणि सगळ्यांना दम, “टाकी उपाशी आणलीत ना? भरल्या पोटी कृपा होत नाही.”

काटा चढला की टाकीत एक बाटली ओतायची. इंधनामृत. त्यानं कृपा कायमची मुरते. दक्षिणा ऐच्छिक होती. क्यूआर कोड मात्र चारही दिशांना लटकत होते. आणि मांडवामागे स्वामींची स्वतःची पांढरी मोठी गाडी सकाळपासून इंजिन चालू ठेवून उभी, कारण स्वामी मधूनमधून तिच्या एसीत समाधी लावायचे.

तनयच्या टाकीत अमृत पडलं. टाळ्या झाल्या. गाडी उतारावरून खाली आली, फाटकापर्यंत गेली, दोनदा खोकली आणि मेली.

“काटा पण परत पडला!” तनय ओरडला.

“शनी बाहेर पडतोय,” मंजुनाथ म्हणाला. “अमावास्येपर्यंत मुरू द्या. आता स्वल्प ढकला.”

स्मिता सँडल हातात घेऊन ढकलायला लागली.

मी हळूच एक बाटली उचलली, बूच काढलं, चाखलं. तुळस, वेलदोडा, आणि आपल्या नळाचं कावेरीचं पाणी. धावत रांगेत वहिनींच्या खिडकीशी गेलो.

“वहिनी, गाडी फिरवा! हे नुसतं पाणी आहे. टाकीत गेलं की व्हॅन संपली. तनयची बघा.”

“अय्यो! तीर्थ प्यायलात तुम्ही? गाडीचं?”

“खरं सांगतोय!”

“मागच्या आठवड्यात डब्यात रबरी पाल ठेवलीत, तेव्हा पण खरंच म्हणाला होतात.”

पाल फार सुंदर होती.

आता एकच उपाय दिसला. दाढ्यांमध्ये माझी हयात गेली. गोंदानं चिकटवलेली दाढी मी लांबून ओळखतो, आणि ही इतकी दाट, इतकी चमकदार, खरी असणं शक्यच नव्हतं. आशीर्वादाला वाकतोय असं दाखवून मी स्वामींच्या समोर गेलो, दाढी दोन्ही हातांनी धरली आणि दिला झटका.

“अय्योयोऽऽ! अम्माऽऽ!” स्वामी केकाटले.

दाढी खरी होती.

मग मागून कोणीतरी म्हणालं, “दाढी खरी आहे!” दुसरा म्हणाला, “दाढी खरी म्हणजे स्वामी खरे!” आणि बघता बघता रांग दुप्पट झाली. मी स्वामींचा धंदा बुडवायला गेलो आणि जाहिरात करून आलो.

चार स्वयंसेवकांनी मला उचललं. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, “मारू नका हो, माझे दीर आहेत. डोक्यानं स्वल्प हलके. इथे मागे टाका त्यांना.” त्यांनी मला व्हॅनच्या मागच्या भागात टाकलं. तिथे दुपारच्या प्रसादाच्या भातासाठी वहिनींनी सेवा म्हणून आणलेलं सांबाराचं काठोकाठ पातेलं होतं. मी मागच्या दाराला पाठ टेकून, पातेलं दोन पायांत धरून बसलो.

“गोत्र?” मंजुनाथनं विचारलं. वहिनींनी मॉडेल सांगितलं. “पूर्वमुखी. सरळ चढवा.”

व्हॅनचं नाक वर झालं. झाकण घसरलं. पुढच्या बाजूचं सांबार खाली बसलं, मागच्या बाजूचं काठावर आलं, काठावरून माझ्या मांडीवर आलं. गरम होतं. एक शेवग्याची शेंग थेट खिशात गेली. मी बोंबलणार, तेवढ्यात बाहेर गर्दी बोंबलली, “चढला! चढला!”

मी पातेल्याकडे बघितलं. पातेल्यात काहीही वाढलं नव्हतं, तरी माझ्या बाजूला पूर आला होता. पुढच्या काचेतून पडद्यावर दिसत होतं, व्हॅनचा काटा चढत होता. मांडीवर चटका आणि डोक्यात उजेड, दोन्ही एकदमच.

मंजुनाथ अमृताचं बूच उघडत होता. आता “हे खोटं आहे” म्हणून ओरडून उपयोग नव्हता. माझं कोण ऐकणार? तेव्हा मी जे मला येतं तेच केलं. नाटक.

दार उघडून उडी मारली आणि स्वामींसमोर लोटांगण घातलं. त्यांनी आधी दोन्ही हातांनी दाढी झाकली.

“स्वामी! क्षमा! मला साक्षात्कार झाला!” मी गळा काढला. “व्हॅनच्या पोटातून आवाज आला! आता अमृत नको! तोंड फिरवून उभी करा, टाकी गळ्यापर्यंत भरेल! पूर्वेची कृपा अर्धी, पश्चिमेची अर्धी!”

“बाळण्णाला साक्षात्कार झाला!” कोणीतरी ओरडलं. “बघा, कपड्यांवर प्रसाद पण उमटलाय!”

“फिरवा! फिरवा! फिरवा!” गर्दीनं ताल धरला.

स्वामींच्या कपाळावर घाम. “नको, नको. पश्चिमेला आत्ता राहुकाळ आहे.”

स्मिता फाटकाकडून घामाघूम होऊन परत आली होती. “पण स्वामीजी, मगाशी ती निळी गाडी तुम्ही रिव्हर्समध्येच चढवली होती ना?” तिनं निरागसपणे विचारलं. “तेव्हा राहुकाळ नव्हता?”

“मी चढवते की,” वहिनी म्हणाल्या. “मला येतो रिव्हर्स.”

चामराजपेटेच्या गल्लीत दोन रिक्षा आणि एक गाय यांच्यामधून रोज व्हॅन मागे घेणारी बाई ती. खाली उतरल्या, वळल्या, आणि आरशात बघत उलट्या चढल्या. आता शेपूट वर, नाक खाली.

सगळे पडद्याकडे बघायला लागले. काटा थरथरला. निघाला. खाली. लाल रेघेच्याही खाली जाऊन तळाला चिकटला.

“ॐ टाक्यै नमः, ॐ टाक्यै नमः,” स्वामी भराभर म्हणू लागले. काटा हलेना.

वहिनी उतरल्या. मागचं दार उघडून पातेल्यात बघितलं. सांबार आता पलीकडे, चालकाच्या बाजूला सरकलं होतं.

“भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या, “सांबार जातंय कुठे?”

“कुठे नाही. सरकतंय.”

“आणि टाकीत?”

“टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, वहिनी. पेट्रोल त्याच्याकडे सरकलं की तो वर, काटा वर. लांब गेलं की तो खाली, काटा खाली. गोळा कुठे बसवलाय ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. म्हणून तर मंजुनाथ गोत्र विचारतो! काही गाड्या सरळ, काही उलट्या. टाकी उपाशी का? रिकाम्या टाकीत थोडंसं पेट्रोल जोरात सरकतं. मंत्र लांबलचक का? काटा आळशी असतो, त्याला चढायला वेळ लागतो म्हणून.”

वहिनींनी एक पळी उचलली. मला वाटलं मलाच मारतात. पण त्या सरळ मंजुनाथकडे गेल्या आणि त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

“ऐका हो,” त्या म्हणाल्या. मैदानभर घुमलं. “पातेलं कलतं करून सांबार वाढत असतं, तर मी पहाटे उठून डाळ कशाला शिजवली असती?”

आधी एक माणूस हसला. मग दहा. मग तीन-चारशे माणसं हसायला लागली, आणि हसणाऱ्या गर्दीपुढे कुठलाही स्वामी टिकत नाही. मायलेजानंदांनी कफनी गुडघ्यापर्यंत उचलली, पांढऱ्या गाडीत उडी घेतली आणि फाटकाकडे सुटले.

फाटकाशी, तनयच्या मेलेल्या गाडीशेजारी, पांढरी गाडी दोनदा खोकली आणि थांबली. सकाळपासून एसीची समाधी लावून लावून तिची टाकी कोरडी पडली होती.

वहिनी शांतपणे चालत गेल्या. एका हातात माइक, दुसऱ्या हातात इंधनामृत. खिडकीवर टकटक केलं.

“पेट्रोल संपलं का स्वामी? थांबा हं, अमृत ओतते.” आणि टाकीच्या झाकणाला हात घातला.

स्वामी दार उघडून झेपावले. “नको! नको अक्का! पाणी आहे ते! इंजिन जाईल!”

माइक चालूच होता.

त्यानंतर मैदानात जे झालं ते फार गोड होतं. ज्या क्यूआर कोडनं दक्षिणा गेली होती, त्याच्याखाली मंजुनाथला बसवून लोकांनी एकेकाचे पैसे परत घेतले. तनयच्या गाडीची टाकी गॅरेजात उपसून काढायचा खर्चही स्वामींकडूनच वसूल झाला. स्मिता दोरीनं गाडी ओढून नेताना म्हणाली, “ॲक्च्युअली मला डाउट होताच.” तनयनं तिच्याकडे असं बघितलं की मी नजर फिरवली.

राहिला प्रश्न व्हॅनचा. मेकॅनिककडे नेली, तिथे शनी सापडला. चारही टायर अर्धपोटी होते. इंजिनाचा हवा गाळणारा फिल्टर काळा ठिक्कर, त्यातून गाडीला श्वास घेता येत नव्हता. एक ब्रेक सुटतच नव्हता, म्हणजे वहिनी कित्येक दिवस अर्धा ब्रेक दाबूनच हेब्बाळ गाठत होत्या. आणि मागे, पोत्याखाली, दादाच्या वेळचा, पीठ वाटायचा दगडी रगडा. तो आम्ही सगळीकडे फिरवत होतो, देवासारखा. रगडा उतरवला, फिल्टर बदलला, ब्रेक सोडवला, हवा भरली. डबे देताना इंजिन चालू ठेवायची सवय मोडली. व्हॅन काही तरणी झाली नाही, पण माणसात आली. भार्गवीला वहिनींनी कळवलं, “टीव्ही तूच बघ.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, वहिनींनी व्हॅन धुतली, झेंडूचा हार घातला, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली.

मी म्हटलं, “वहिनी? परत लिंबू?”

“असू दे हो. वर्षभर राबते, तिचा पण सण असतो,” त्या म्हणाल्या. “पण हवा आधी भरून आणलीय.”

बस, एवढंच माझं मागणं. हार घाला, हौस करा, गाडीशी चार शब्द बोला. पण गाडी जास्त पेट्रोल पीत असेल तर तिला मेकॅनिककडे न्या, महाराजांकडे नको. आणि कोणी काटा चढवून दाखवला, तर टाळ्या पिटायच्या आधी एकदा खाली वाकून बघा, पायाखालची जमीन सपाट आहे ना.