पुढं ठेवलेला पाय

शंभूचा जबडा मोडला, आणि त्या दिवसापासून डिचोलीच्या खाणीवरचे सावंतवाडीकडले ड्रायव्हर सीटखाली लोखंडी लिव्हर ठेवूनच ट्रक चालवायला लागले.

भांडण कशावरून? तर रांगेवरून. नार्व्याच्या धक्क्यावर बार्जीत खनिज ओतायला ट्रकांची रांग लागायची. शंभूनं आपला ट्रक गोकुळदासच्या ट्रकापुढं घुसवला. चूक शंभूचीच, खोटं कशाला बोला! पण गोकुळदास म्हणजे नार्व्याचा रेडा. टायर एका हातानं उचलून टाकणारा. त्यानं शंभूला केबिनमधून केसांना धरून ओढला आणि तापलेल्या बोनेटवर त्याचं तोंड आपटलं. तीनदा. दोन दात रेडिएटरच्या जाळीत अडकले, ते नंतर सगुणनं काढले.

सगुण म्हणजे शंभूचा भावोजी. ड्रायव्हरांत सगळ्यांत मोठा, चाळिशी गाठलेला, कमी बोलणारा.

दुसऱ्या दिवशी शंभूच्या सोबत्यांनी गोकुळदासच्या भावाला गाठून त्याचा हात मोडला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ड्रायव्हरांची एक खोपटी पेटली. आत माणूस नव्हतं, पण बांधलेली शेळी होती. तिचं ओरडणं थांबेस्तोवर कोणाला जवळ जाता आलं नाही. आणि संध्याकाळी नार्व्याहून बाहेरच्यांना रविवारपर्यंतच्या मुदतीचा निरोप आला, "भायल्यांनो, आयतारापर्यंत खोपटी मोकळी करा. ना जाल्यार मनशां सकट पेटतली."

चाळीस बिऱ्हाडं होती ती. गावाकडं परत जाऊन खाणार काय?

सगुण सरळ नार्व्याला गेला, भिकाजी आजोबांकडं. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"आजोबा, एकास एक होऊन जाऊं दे," सगुण म्हणाला. "मी नि गोकुळदास. हत्यार नाय. पडलो तो हरलो. मी पडलंय तर आमी चालते झालों. तो पडलो तर आमी ऱ्हवतलों, नि खोपटीक कोणी हात लावचो नाय."

भिकाजी त्याच्या काटकुळ्या अंगाकडं बघून हसले. "तो तुका चावून थुकतलो रे."

"थुकूं दे."

घरी बायको शेवंती भाकरी थापत होती. ऐकलं आणि भाकरी तव्यावर आपटली. "हाडां मोजून ठेवा आधी. परत जोडतना एखादा कमी पडाक नको."

आता सगुणला एवढी हिंमत कुठून आली, ते सांगायला पाहिजे.

त्रेपन्न साली तो पलटणीत होता. कोरियातली लढाई थांबली, आणि दोन्ही बाजूंचे कैदी सांभाळायला आपली माणसं नेली, त्यात हा. थंडी अशी की मुतलं तरी गोठावं. तारेच्या कुंपणाआड एक पन्नाशीचा कैदी होता, बेक नावाचा. लढाईत ओझी वाहायला धरून नेलेला. तो रोज सकाळी एकटाच झुलायचा. पाऊल पुढं, पाऊल मागं, कंबर सैल. बघणाऱ्याला वाटावं, प्यालाय. एक दिवस झुलता झुलता त्यानं दुसऱ्या दांडगट कैद्याच्या घोट्याला नुसता पाय लावला, आणि तो धाडकन आडवा.

सगुणनं त्याला मामा केला. अर्ध्या खुणा, अर्धी मोडकीतोडकी भाषा, असं करत मामानं सांगितलं. हा आमचा जुना खेळ, तेक्यन. बापजाद्यांचा. सणाला वरची वाडी आणि खालची वाडी नदीकाठी जमायची. आधी पोरं खेळायची, मग बाप्ये. पाडला की जिंकला, तोंडाला पाऊल लावलं की जिंकला. जीव घ्यायचा नाही, हाड मोडायचं नाही. आणि नियम एक : आपला एक पाय कायम समोरच्याच्या पुढ्यात ठेवायचा, त्याला धरता येईल, मारता येईल असा. पाहुण्यापुढं ताट ठेवतात तसा. पाय मागं लपवून खेळतो तो मर्द नाही.

मग जपान्यांचं राज्य आलं. माणसं जमली की त्यांना बंडच दिसायचं. खेळ बंद. मामाचा काका ओढ्याकाठी खेळताना सापडला, तर पोलिसानं त्याला दगडावर पाय ठेवायला लावला आणि दांडक्यानं नडगी फोडली. पुढं सगळ्या मुलखात हा खेळ येणारे बोटावर मोजण्याएवढे म्हातारे उरले. ते परड्यात, दार लावून झुलायचे.

पहारा सुटला की सगुण तारेच्या आत जाऊन शिकायचा. मामाचं पाऊल सगुणच्या गालाला शंभरदा लागलं असेल. दोघं पोट धरून हसायचे.

रविवारी सकाळी ओहोटीला नार्व्याच्या नदीकाठी रेतीत माणसं जमली. एका अंगाला ड्रायव्हर, एका अंगाला गाव. हत्यार नाही ठरलं होतं, पण दोन्हीकडच्या सदऱ्यांखाली लोखंड होतं, हे सगळ्यांना ठाऊक.

सगुणनं झुलायला सुरुवात केली. डावा पाय गोकुळदासच्या पुढ्यात ठेवला.

"हें कितें रे? नाचूंक आयला?" गोकुळदास ओरडला. गाव हसलं.

"पाय तुझ्या वाट्याचो. घे."

गोकुळदासनं घेतला की! लाथ अशी हाणली की सगुणची मांडी सुन्न. लगेच गुद्दा. नाकाचं हाड कटकन वाजलं, रक्त मिशीवरून तोंडात आलं. सगुण मागं सरला, झुलला, आणि पाय परत पुढं ठेवला. दुसऱ्यांदा गोकुळदास धावून आला, तेव्हा सगुणनं त्याच्या टाचेला आतून पाय घातला आणि छातीला हात लावला. रेडा पाठीवर.

ड्रायव्हर ओरडले. गोकुळदास उठला. "निसरलों! रेंव ओली आसा!"

"निसरलो तो," भिकाजीही म्हणाले.

पुन्हा झुंपली. गोकुळदासनं कान चावला, पाळीचा तुकडा थुंकला. सगुणनं त्याला पुन्हा पाडला. पुन्हा तेच, निसरलो.

सगुणच्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. त्याच्या मनात आलं, अशानं हे कधी मान्य करायचे नाहीत. पडला तर घसरला म्हणता येतं. तोंडाला पाऊल लागलं तर काय म्हणतील?

तो झुलला, वळला, आणि त्याचं वाळूनं माखलेलं अनवाणी पाऊल गोकुळदासच्या गालाला लागलं. मारलं नाही. हळूच टेकवलं, मामा टेकवायचा तसं. गालावर पाच बोटं उमटली, ओल्या रेतीची.

झालं, संपलं, असं सगुणला वाटलं. तो हसला सुद्धा.

पण कोणी ओरडेना. ड्रायव्हरांनी पण माना वळवल्या. शंभूनं बांधलेल्या जबड्यावर हात ठेवला. आपल्याकडं चुकून कोणाला पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. इथं साऱ्या गावासमोर, आईबापांसमोर, तोंडाला पाय लावलेला. त्याचं नाक फोडलं असतं, डोळा काढला असता, तर गाव विसरलं असतं.

गोकुळदास मागं फिरला, भावाच्या सदऱ्याखालची जॅकची दांडी ओढली आणि आला. सगुणचा डावा पाय अजून पुढंच होता. दांडी गुडघ्यावर बसली. सुका बांबू फुटावा तसा आवाज झाला, आणि पाय भलतीकडंच वळला.

सगुण पडला तशी दोन्हीकडं लोखंडं बाहेर आली. शंभू लिव्हर घेऊन धावला. आता दहा मुडदे पडणार हे पडल्या जागेवरून सगुणला दिसत होतं. आणि त्या दुखण्यातच त्याला कळलं, आपण काय केलं ते.

"शंभ्या, थांब! तुझ्या बहिणीची शपथ!" तो किंचाळला. मग कोपरांवर सरपटत, मोडका पाय रेतीत ओढत, गोकुळदासच्या पायाशी गेला. त्याच्या पावलाला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला.

दांडी वर गेली होती ती खाली आलीच. पण हात ढिला पडला होता. डोक्यात बसायची ती खांद्यात बसली, गळ्याजवळचं हाड मोडलं.

"पाय कित्याक लायलो?" गोकुळदास विचारत होता. रडत होता की काय, देव जाणे. "कित्याक लायलो रे?"

"थंय कोरियात तो खेळ," सगुण रक्त थुंकत म्हणाला. "हंय न्हंय. माजा चुकला."

भिकाजी मधे येऊन उभे राहिले. "दोनदां पडलो तो, मी फट मारली," एवढंच आपलं खोटं कबूल केलं, आणि दांडी घेऊन नदीत टाकली.

खोपट्या राहिल्या. सगुणचा गुडघा मात्र परत वाकला नाही, क्लच दाबता येईना. मग गावानंच त्याला धक्क्यावर रांग लावायला बसवलं. तो तिथल्या कचेरीच्या सोप्यावर बसायचा, ताठ पाय समोर पसरून, नंबर पुकारायचा.

शंभूला घाई असली की टुणकन तो पाय ओलांडून जायचा आणि शिव्या खायचा. गोकुळदास रोज सात-आठ खेपा करायचा. दर खेपेला ट्रकमधून उतरून तो सगळ्या सोप्याला मागनं वळसा घालून यायचा. पाऊस असला तरी, भिजत.

"अरे ओलांड, मरत नाय मी," सगुण म्हणायचा.

"नंबर सांग," गोकुळदास म्हणायचा.