एक तरी लॅपटॉप विका!

सौदीतल्या खोबरच्या कॉम्प्युटर बाजारातल्या दुकानात रेखा स्टुलावर बसली होती आणि नवऱ्याकडे बघून तिचं डोकं फिरत होतं. विश्वनाथला बारा वर्षांची इंजिनिअरची नोकरी सोडून लिनक्सचे लॅपटॉप विकायचे होते. फक्त लिनक्सचे, विंडोज नावालाही नाही! अहो, त्या नोकरीवर तिचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, मुलीची शाळा, घर, सगळं उभं. दुकानाचा मालक झैद भला माणूस. त्याने एक कपाट दिलं, वर म्हणाला, चाललं तर तुझा इकामा माझ्याकडे घेतो. झालं! विश्वनाथसाहेबांनी राजीनामा लिहून मोबाइलमध्ये तयार ठेवला.

"आज माझ्यासमोर एक विका," रेखाने अट घातली. "एकच. मग पाठवा खुशाल."

दुपारच्या, असरच्या नमाजानंतर पहिलं गिऱ्हाईक आलं, विंडोज नाही म्हणताच निघून गेलं. दुसऱ्याला ह्याने लिनक्सचे सात प्रकार समजावायला घेतले. चौथ्या प्रकाराला तो फोन आल्याचं सोंग करून पसार झाला.

"सात कशाला सांगायचे? एक सांगा ना!"

"अगं, त्याला निवडता यायला नको?"

रेखाने कपाळाला हात लावला.

मग बाजारातला लखनवी शिंपी खुर्शीद आला, बगलेत जुना लॅपटॉप. "ये तो मर गया, भाई. बेटी के लिए नया दे दो, जो आपको ठीक लगे."

देवच पावला म्हणायचा! रेखाने कपाटातला एक उचलून काउंटरवर ठेवलासुद्धा. विश्वनाथने तो बाजूला सरकवला आणि जुना उघडला.

"नया क्यों, चाचा? मशीन अच्छी है. लिनक्स डाल देता हूँ, दौड़ेगी. मुफ़्त है."

रेखाला ओरडावंसं वाटलं. खुर्शीदचाचा दुवा देत गेले आणि बाजारभर सांगत सुटले. तासाभरात दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि प्रत्येकाच्या हातात जुना लॅपटॉप. झैद डोकावला, गर्दी बघून खूश झाला.

"माशाल्लाह! कितना बेचा?"

"एक भी नहीं," विश्वनाथ म्हणाला. झैदने मान हलवली आणि निघून गेला.

"अहो, दुकान मांडून बसलात आणि येईल त्याला सांगताय, विकत घेऊ नका!" रेखाचा बांध फुटला. "असं दुकान जगात कुठे चाललंय?"

विश्वनाथने हातातलं काम थांबवलं. "नाही चालायचं," तो म्हणाला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. "तूच पुसून टाक तो राजीनामा. चाचांना नवा द्यायला माझा हातच होईना गं."

तिने पुसला. हुश्श वाटायला हवं होतं, पण त्याचा उतरलेला चेहरा बघवेना. मेला, इतका चांगला असायची काही गरज होती का? रांगेतली फिलिपिनो नर्स पुढे आली, आता होणार नाही का, म्हणून इंग्रजीत विचारू लागली.

"होणार, होणार, बसा," रेखा तिला स्टूल देत म्हणाली. आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत सांगितलं, "बाकी सब लोग शुक्रवार को, छुट्टी के दिन, लैपटॉप लेकर हमारे घर आना. पता मैं देती हूँ."